रस्ता बापाचा, नाव लेकीचे



झारखंडच्या गुमला जिल्ह्यात गोर्राटोली नावाचे एक आदिवासी खेडे आहे. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात तिथे एका घराकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम चालू होते. कामावर जे मजूर होते, त्यांत एक नवरा-बायको होते. रोज अडीचशे रुपये. रस्ता ज्या घराकडे चालला होता ते घर त्यांचेच, आणि त्या रस्त्याला नाव दिले जाणार होते ते त्यांच्याच मुलीचे. तिचे नाव अष्टम उरांव. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती.

बातमी सगळ्या वृत्तपत्रांतून आली. लेकीचा सामना घरी बसून पाहता यावा म्हणून प्रशासनाने तिच्या घरी टीव्ही बसवून दिला, हेही छापून आले. लोकांनी कौतुक केले. मला मात्र ती बातमी पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली आणि दर वेळी काहीतरी टोचले. मुलगी देशाचा झेंडा घेऊन मैदानात उतरणार, तिच्या नावाचा रस्ता होणार, आणि त्या रस्त्यावरची माती तिचे मायबाप रोजंदारीवर टाकणार. कष्टाची लाज आपल्याला कधी नव्हती, आजही नाही. पण कर्णधार होण्याआधी त्या घरापर्यंत रस्ता का पोहोचला नव्हता, हा प्रश्न कौतुकाच्या गर्दीत कोणी विचारला नाही.

असो. आज त्या स्पर्धेविषयीच लिहायचे आहे. तीन वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तिचा हिशेब आपल्या घराघरांत अजून मिटलेला नाही असे मला वाटते.

मुलींची ही स्पर्धा २००८ साली न्यूझीलंडमध्ये सुरू झाली. पुढे दर दोन वर्षांनी एकेका देशात. २०२० ची स्पर्धा भारताला मिळाली होती. कोरोना आला, स्पर्धा आधी पुढे ढकलली गेली, मग रद्दच झाली, आणि बदल्यात २०२२ ची स्पर्धा भारताला देण्यात आली. कागदावर हा साधा बदल वाटतो. पण वयोगटाची स्पर्धा ही एसटीसारखी नसते की ही चुकली तर पुढची पकडू. २०२२ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेलीच मुलगी चालणार होती. २०२० साठी ज्या मुली निवडून शिबिरात आणल्या होत्या, त्यांतल्या थोरल्या मुलींचे वय उलटून गेले. टाळेबंदीत त्या आपापल्या खेड्यात परतल्या आणि घरी बसल्या बसल्याच त्यांचा विश्वचषक संपला. त्यांच्या नावाचा रस्ता कुठे झाला नाही. मला तर कर्णधाराइतकीच त्या नाव नसलेल्या मुलींची आठवण येते.

जी मुले-मुली मागे राहतात, त्यांच्यासाठी दुसरी संधी ही चैनीची वस्तू असते. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

२०२२ साली तरी सगळे सुरळीत व्हावे! तेही झाले नाही. १५ ऑगस्टला फिफा या जागतिक संघटनेने भारताच्या फुटबॉल महासंघालाच निलंबित केले. महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप आहे, असे कारण दिले. स्पर्धा दोन महिन्यांवर आणि यजमान देशच बाद! मोठ्यांच्या खुर्च्यांचे भांडण, आणि टांगणीला लागल्या त्या मुली. २६ ऑगस्टला निलंबन उठले आणि स्पर्धा वाचली. हे अकरा-बारा दिवस त्या मुलींनी कसे काढले असतील!

शेवटी ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियममध्ये भारताचा पहिला सामना अमेरिकेशी झाला. आठ-शून्य. मध्यंतरालाच पाच गोल झाले होते. १४ तारखेला मोरोक्कोविरुद्ध मुलींनी अर्धा सामना शून्य-शून्य रोखून धरला, मग तीन गोल खाल्ले. १७ तारखेला ब्राझीलने पाच केले. तीन सामने, सोळा गोल अंगावर, आपला एकही नाही.

आमच्या गल्लीत किराणा दुकानापाशी दुसऱ्या दिवशी काय बोलणे झाले ते लिहिण्यासारखे नाही, तरी लिहिते. “आठ गोल! या पोरींना कोणी सांगितलं होतं खेळायला? त्यापेक्षा घरी चार भाकऱ्या थापल्या असत्या.” बोलणारे आपलेच. शिकलेसवरलेले. त्यांतल्या एकाने पाच वर्षांपूर्वी, २०१७ साली, मुलांची हीच स्पर्धा भारतात झाली तेव्हा टीव्हीपुढे नाच केला होता. त्या वेळी आपल्या मुलांनीही तिन्ही सामने हरले होते. अमेरिकेकडून तीन-शून्य, कोलंबियाकडून दोन-एक, घानाकडून चार-शून्य. पण मणिपूरच्या जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध डोक्याने एक गोल केला, आणि फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल म्हणून आपण सगळ्यांनी तो डोक्यावर घेतला. योग्यच केले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता म्हणून आपल्याकडे पेढेही वाटले गेले. मुलगे हरले तर “अनुभव मिळाला”, मुली हरल्या तर “भाकऱ्या थापा”. हा न्याय कुठला?

मी रागावून घरी आले, पण राग हा काही युक्तिवाद नव्हे. म्हणून बसून विचार केला की आठ गोल होतात ते कशाने?

पहिली गोष्ट अमेरिकेची. १९७२ साली तिथे एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, एवढेच त्यात म्हटले होते. खेळाचा त्यात उल्लेखही नव्हता. पण शाळा-कॉलेजचे मैदान हा शिक्षणाचाच भाग, मग मुलांना संघ असेल तर मुलींनाही हवा, असा त्याचा अर्थ लागत गेला. विरोध झाला, कोर्टकज्जे झाले, तरी कायदा टिकला. भुवनेश्वरमध्ये ज्या मुली आपल्यापुढे उभ्या होत्या, त्यांच्यामागे त्या कायद्याची बरोबर पन्नास वर्षे उभी होती. आपल्या मुलींच्या मागे काय होते? एक शिबिर, आणि गोर्राटोलीसारखी खेडी.

दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. फुटबॉल म्हटले की आपल्याला ब्राझील आठवतो. तिथली पोरे जन्मतःच चेंडू घेऊन येतात असे आपण म्हणतो. त्याच ब्राझीलमध्ये १९४१ साली सरकारने हुकूम काढला की स्त्रियांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ त्यांनी खेळू नयेत. फुटबॉल त्यात आला. १९७९ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, ही बंदी होती. जर्मनीच्या फुटबॉल महासंघाने १९५५ साली आपल्या क्लबांना बायकांचा फुटबॉल चालवायला मनाई केली, ती १९७० साली उठली. इंग्लंडची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांनी संघ काढले, त्यांचे सामने बघायला हजारोंनी लोक जमू लागले. ही गर्दी पाहून १९२१ च्या डिसेंबरात तिथल्या महासंघाने ठराव केला की फुटबॉल बायकांना योग्य नाही आणि आमच्या मैदानांवर त्यांना खेळू देऊ नये. बायकांनी खेळू नये असे नुसते म्हटले नाही, मैदानच बंद केले! अर्धे शतक जवळजवळ ते बंद राहिले.

मैदान बंद करणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. जागा सार्वजनिक असते, गवत सगळ्यांच्या पैशाचे असते, आणि तरी काहींनी तिथे पाऊल टाकायचे नसते. कारण विचारले तर उत्तर तयार असते: तुमच्या प्रकृतीला झेपणार नाही, तुम्हाला शोभणार नाही.

हे देश आज मुलींच्या फुटबॉलमध्ये पुढे आहेत ते बंदी उठली म्हणून, आणि उठल्यावर तिथल्या मुलींना दर आठवड्याला सामना खेळायला मिळू लागला म्हणून. फुटबॉल हा पाठांतराने येणारा विषय नाही. समोरची मुलगी धावत आली की चेंडू डावीकडे द्यायचा की उजवीकडे, हे पाय ठरवतात, आणि पायांना ते शंभर सामने खेळल्यावर कळते. स्पेनमधली विकी लोपेझ या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. ती बार्सिलोना क्लबची. लहान वयापासून तिथल्या मुली क्लबात खेळतात, हरतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळतात. आपल्या मुलींना शिबिरात एकत्र आणून सराव दिला, परदेश दौरेही घडवले, पण गावोगावी मुलींचे साखळी सामनेच नसतील तर शिबिर तरी काय करणार? उंच इमारतीचा शेवटचा मजला आधी बांधायला घेतल्यासारखे ते आहे.

आपल्याकडे बायकांना फुटबॉल खेळायला बंदी करणारा कायदा कधीच झाला नाही. गरजच पडली नाही.

आणि भारताच्या मुलींना हा खेळ येतच नाही असेही नाही. १९७९ च्या आणि १९८३ च्या आशियाई महिला स्पर्धेत भारत उपविजेता होता. किती जणांना हे ठाऊक आहे? मलाही हा लेख लिहायच्या निमित्तानेच कळले. ब्राझीलमधली बंदी उठत होती त्या सुमाराला आपण आशियात दुसरे होतो. ते फिरकले, वाढले, आणि आपण त्या संघांना विसरून गेलो.

हरण्याविषयी आणखी थोडे. त्याच स्पर्धेत टांझानिया पहिल्यांदाच खेळत होता. आफ्रिकेतला गरीब देश. पहिल्या सामन्यात जपानने त्यांना चार-शून्य हरवले. तिथेही कोणी भाकऱ्यांची आठवण करून दिली असेल का, माहीत नाही. पण पुढच्याच सामन्यात त्या मुलींनी फ्रान्सला दोन-एक हरवले, कॅनडाशी बरोबरी केली आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत गेल्या. आणि आपल्यावर आठ गोल करणारी ती अमेरिका? उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियाने तिला पेनल्टी शूटआउटमध्ये घरी पाठवले. तो सामना आपल्या नवी मुंबईत झाला.

भगिनींनो, मध्येच एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. स्पर्धेपूर्वी, २०२२ च्या उन्हाळ्यात आपला संघ युरोपच्या दौऱ्यावर होता, तेव्हा एका अल्पवयीन खेळाडूशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारीवरून एका सहप्रशिक्षकाला परत बोलावून कामावरून काढून टाकण्यात आले. ही बातमी वाचून अनेक आयांनी ठरवले असेल की आपली मुलगी खेळायला पाठवायची नाही. मी उलट म्हणते. मुलीला मैदानावरून ओढून आणले की शिक्षा मुलीलाच होते. तिला पाठवा, पण विचारा. सराव किती ते किती, बरोबर महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक कोण, बाहेरगावी मुक्काम कुठे, हे विचारणे हा आपला हक्क आहे आणि विचारल्याने कोणी रागावत असेल तर तिथेच सावध व्हा. मुलीला घरी येऊन बोलता येईल एवढे मोकळे वातावरण मात्र घरातच लागते. तक्रार केलेली मुलगी बोलली म्हणून पुढचे झाले.

अंतिम सामना ३० ऑक्टोबरला, रविवारी, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होता. मी, माझी ताई आणि तिची मुलगी सोनी अशा तिघी हार्बर लाइनने गेलो. सोनी तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत. वस्तीतल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळायची, आणि चांगले खेळायची. तिच्या पायात चेंडू असला की मोठी मुले शिव्या देतात, यावरून मी ओळखले.

तिच्या घरात त्या वेळी वाद चालू होता. शाळेत तालुक्याच्या निवडीचा फॉर्म आला होता. शाळेचे नाव लिहीत नाही. फॉर्म मुलांचे पुढे गेले, मुलींचे गेले नाहीत. “मुलींचा संघ होत नाही,” असे उत्तर मिळाले. ताई भांडायला जाणार होती, दाजींनी अडवले. दाजी माणूस वाईट नाही, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून तीन मुले शिकवतो आहे. पण म्हणाले, “तुमचं बरंय, लिहायला. काळोख पडल्यावर पोरीची जात मैदानावर नको.” ‘पोरीची जात’ हा शब्द आपल्या घरांत अजून सर्रास चालतो. बाकीच्या जातींविषयी आपण किती बोलतो!

शिवाय आणखी एक अडचण होती, जी कोणत्याही क्रीडा धोरणात लिहिलेली नसते. आमच्याकडे नळाला पाणी संध्याकाळी साडेपाचला येते आणि साडेसहाला जाते. मैदानावर सरावाची वेळ तीच. वस्तीतल्या मुली त्या वेळी कुठे असतात ते जाऊन पाहा. हंडे आणि ड्रम घेऊन रांगेत. मुलगे कुठे असतात तेही पाहा.

तर त्या रविवारी आम्ही गेलो. आधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला. नायजेरिया तीन-शून्य पुढे होता, जर्मनीने तीन-तीन केले, आणि शेवटी पेनल्टीवर नायजेरियाने पदक घेतले. सोनीचा घसा तिथेच बसला. रात्री आठला स्पेन आणि कोलंबिया मैदानात आले.

कोलंबियाची लिंडा कायसेदो ही मुलगी मला बघायची होती. तिच्याविषयी आधी वाचले होते. कालीजवळच्या छोट्या गावातली, पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले, आणि तीन वर्षांच्या आत ती नेरूळच्या गवतावर उभी होती. मी सोनीला हे सांगितले तर ती म्हणाली, “मावशी, आजारपण नको सांगू, तिचा डावा पाय बघ.” मी गप्प बसले. मोठी माणसे खेळाडूच्या दुःखाकडे बघत राहतात आणि मुले खेळाकडे, आणि मला वाटते मुलांचे बरोबर असते.

सामना अटीतटीचा. गटातही हे दोघे एकमेकांशी खेळले होते आणि तेव्हा स्पेनने एक-शून्य असा निसटता विजय मिळवला होता. या वेळी एक्याऐंशी मिनिटे गोलच नाही. कोलंबियाचा कोणताही संघ, मुलांचा असो की मुलींचा, फिफाच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत याआधी पोहोचला नव्हता. त्यांची सगळी भिंत मागे उभी होती. आणि ब्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू अडवण्याच्या धडपडीत तो कोलंबियाच्याच आना मारिया गुझमान हिला लागून तिच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. स्पेन एक-शून्य. तेवढ्यावर सामना संपला, स्पेन जगज्जेता झाला.

आजूबाजूला टाळ्या वाजत होत्या. सोनी रडत होती. स्पेन हरो की जिंको, तिला काही देणेघेणे नव्हते. “मावशी, आता तिला घरी काय म्हणतील गं?” एवढेच विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. ताई म्हणाली, “काय म्हणतील, जेव म्हणतील.” परतीच्या गाडीत तिघीही फारशा बोललो नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या वर्षी मिळाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात मोठ्या बायकांचा विश्वचषक चालू होता. मेलबर्नला कोलंबिया आणि जमैका यांची बाद फेरीची लढत झाली. पन्नासेक मिनिटे झाली असतील, एका अठरा वर्षांच्या बचावपटूने लांबून चेंडू टाकला, तो कातालिना उस्मेने घेतला आणि गोल केला. तो एकच गोल. कोलंबिया पहिल्यांदाच महिला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला. चेंडू टाकणारी मुलगी तीच, आना मारिया गुझमान. नेरूळला जिच्या पायाने देश हरला, तिला तिच्या लोकांनी भाकऱ्या थापायला बसवले नाही, नऊ-दहा महिन्यांत मोठ्या संघात उभे केले. मी सोनीला मुद्दाम फोन करून सांगितले. तिला आधीच ठाऊक होते.

आपल्या मुलींचे पुढे काय झाले? त्या संघातल्या सहा मुली एकट्या झारखंडच्या होत्या, मणिपूरच्याही पुष्कळ. महाराष्ट्रातून पुण्याची काजोल डिसूझा होती. काही जणी पुढे वीस वर्षांखालील संघातून खेळल्या. २०२२ साली आपल्याला यजमान म्हणून जागा मिळाली होती, मैदानावर जिंकून नव्हे, हे मान्य केले पाहिजे. पण २०२५ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या नव्या संघाने किरगिझस्तानमधल्या बिश्केकला उझबेकिस्तानला दोन-एक हरवले आणि २०२६ च्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरी जिंकून स्थान मिळवले. त्याच वर्षी जुलैत मोठ्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशियाई स्पर्धा गाठली होती, आणि वीस वर्षांखालील मुलींनीही गाठली. किराणा दुकानापाशी या तिन्ही बातम्यांची चर्चा मी ऐकली नाही. विश्वचषकही आता २०२५ पासून दरवर्षी होतो आणि सोळाऐवजी चोवीस संघ त्यात असतात. म्हणजे वय उलटून जाण्याची भीती थोडी कमी झाली.

ज्या घरांत खेळणारी मुलगी आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. वयोगटाच्या कोणत्याही निवडीत पहिल्यांदा जन्मदाखला मागतात. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. आपल्यातल्या पुष्कळ मुलांची बाळंतपणे आजोळी होतात, नोंद होते एका गावात, शाळेतली तारीख असते दुसरी, नावाचे स्पेलिंग तिसरे. तारखांचा हा घोळ निवडीच्या आदल्या दिवशी सुटत नाही. मुलगी पाचवी-सहावीत असतानाच तीन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहा. ताईने ते त्याच दिवाळीत केले. सोनीच्या शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख एका वर्षाने चुकली होती, ती दुरुस्त करायला पाच महिने आणि सहा हेलपाटे लागले.

आणि मैदानाचे विचारा. आपल्या वस्तीत जे काही मोकळे आहे, त्यावर सकाळी क्रिकेट, दुपारी गाड्या, संध्याकाळी पुन्हा क्रिकेट, आणि लग्नसराईत मांडव. २०१७ च्या सप्टेंबरात मुलांची स्पर्धा येणार म्हणून महाराष्ट्र सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम केला होता, शाळाशाळांत चेंडू गेले होते. ते चेंडू आज कुठल्या कपाटात आहेत ते पालकसभेत विचारायला हरकत नाही. मंडळाच्या बैठकीतही विचारा की आठवड्यातले दोन दिवस, फक्त दोन तास, मुलींना मैदान द्याल का. आमच्याकडे हा विषय काढला तेव्हा एक कार्यकर्ते म्हणाले, “मैदान सगळ्यांनाच मोकळं आहे, मुली येतच नाहीत.” मी म्हटले, “साडेपाच ते साडेसहा नळावर या, सापडतील.”

सोनी आता सोळा वर्षांची आहे. ती देशाकडून खेळेल असे तिला स्वतःलाही वाटत नाही, जिल्ह्यापर्यंत गेली आणि दुसऱ्या फेरीत तिचा संघ पाच गोल खाऊन हरला. आली, पाय धुतले, जेवली. दाजींनी काही विचारले नाही, फक्त ताटात आणखी एक अंडे वाढायला सांगितले. मंगळवारी आणि गुरुवारी वस्तीतल्या नऊ मुली मैदानावर असतात. त्या दोन दिवशी त्यांच्या घरचे पाणी कोण भरते, यावरून पहिले सहा महिने भांडणे झाली. आमच्या घरी सोनीचा धाकटा भाऊ भरतो. कुरकुर करतो, हंडा अर्धा आणतो, दोन खेपा जास्त घालतो, पण भरतो.